खात्यातली घुसळण: ब्रोकरने केलेल्या अति-उलाढालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आत्या मिरजेची, शाळेतून निवृत्त झालेली. काही वडलांकडून आलेले, काही ग्रॅच्युइटीतून घेतलेले असे नऊ लाखांचे शेअर तिच्या डिमॅट खात्यात होते. चौदा महिन्यांनी ती मला म्हणाली, "अरे, बाजार वर गेलाय म्हणतात, मग माझे सात लाखसुद्धा कसे राहिले नाहीत?" ब्रोकरकडचं लेजर, म्हणजे खातेउतारा, काढलं. त्या चौदा महिन्यांत तिच्या नावावर नऊशेच्या वर व्यवहार झाले होते आणि ब्रोकरेज, कर वगैरे मिळून दोन लाख चौदा हजार रुपये गेले होते. शेअरांच्या चढउतारात तिचं जवळजवळ काहीच गेलं नव्हतं. जे गेलं ते नुसत्या खर्चात.

तेव्हापासून ओळखीच्यांची आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांची लेजर माझ्याकडे येत राहिली. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. मी वकील नाही, हिशेब तपासणारा माणूस आहे. रक्कम मोठी असेल तर वकील गाठाच.

चर्निंग म्हणजे नेमकं काय?

ग्राहकाचं भलं व्हावं म्हणून नव्हे, तर ब्रोकरेज निघावं म्हणून खात्यात सतत खरेदी-विक्री करत राहणं. हा इंग्रजी शब्द लोणी काढण्यासाठी घुसळण्याचाच आहे. लोणी कोणाच्या वाटीत पडतं आणि ताक कोणाच्या, हे वेगळं सांगायला नको.

शेअर बाजाराची नियंत्रक संस्था असलेल्या सेबीच्या १९९२ सालच्या शेअर दलाल नियमावलीला जोडलेल्या आचारसंहितेतच हे आलं होतं: निव्वळ ब्रोकरेज किंवा कमिशन मिळवण्यासाठी ब्रोकरने ग्राहकाला खरेदी-विक्रीला उद्युक्त करू नये. पुढे २००३ च्या फसव्या आणि अनुचित व्यवहारांना बंदी घालणाऱ्या नियमावलीत, स्वतःची कमाई वाढवण्यासाठी लोकांना फसवून व्यवहार करायला लावणं हे गैरप्रकारांच्या यादीत गेलं. म्हणजे 'सेवा जरा कमी पडली' या सदरात हे बसत नाही.

यात दोन जाती आहेत आणि तक्रार लिहिताना त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक, तुम्हाला न विचारता केलेले व्यवहार. दोन, विचारून केलेले, पण खोटंनाटं सांगून गळी उतरवलेले. पहिल्या प्रकारात पुराव्याचं ओझं ब्रोकरवर जास्त पडतं. दुसऱ्यात तुमच्यावर.

ब्रोकरचा असा कितीसा फायदा होतो? पाव-अर्धा टक्का तर ब्रोकरेज असतं.

इथेच सगळे फसतात. समजा तुमचे पाच लाख आहेत आणि डिलिव्हरीवर, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवण्याच्या व्यवहारावर, दर अर्धा टक्का आहे. पाच लाखांची खरेदी केली की ब्रोकरेज २,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५०, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर) ५००, स्टँप ड्युटी ७५. एकूण ३,५२५. तेच शेअर विकले की २,५००, ४५० आणि ५००, म्हणजे ३,४५०. एक फेरा पूर्ण झाला की ६,९७५ रुपये गेले. महिन्याला एक फेरा धरला तर वर्षाचे ८३,७००, म्हणजे भांडवलाच्या पावणेसतरा टक्के. नफा सोडा, मुद्दल तेवढ्यावर राहायलाच वर्षाला पावणेसतरा टक्के कमवायला हवेत.

यात दर कुठेही बेकायदा नाही. एक्स्चेंजच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या, नियमाप्रमाणे कमाल ब्रोकरेज व्यवहारमूल्याच्या अडीच टक्के आहे आणि आपण अर्धाच टक्का धरला. 'आम्ही नियमात बसणारंच ब्रोकरेज घेतलंय' हे ब्रोकरचं उत्तर खरं असतं, आणि म्हणूनच ते उत्तर होत नाही. प्रश्न फेऱ्यांचा आहे.

ऑर्डरमागे सपाट वीस रुपये घेणाऱ्यांकडेही हे होतं. ऑप्शनमध्ये दिवसाला चाळीस ऑर्डरी पडल्या तर ८०० रुपये, जीएसटी धरून ९४४, महिन्याच्या वीस दिवसांचे १८,८८०. डीलरला, म्हणजे ब्रोकरकडे ऑर्डरी टाकणाऱ्या माणसाला, महिन्याचं टार्गेट असतं आणि फ्रँचायजी घेतलेल्याला ब्रोकरेजमध्ये वाटा. महिनाअखेरीला तुमच्या खात्यात अचानक गर्दी का होते, याचं उत्तर बऱ्याचदा तिथे सापडतं.

माझ्या खात्यात असं झालंय का, हे घरबसल्या कसं तपासायचं?

ब्रोकरकडून तीन कागद मागा: आर्थिक वर्षाचं लेजर, व्यवहारांचा गोषवारा आणि खर्चाचा तपशील. सोबत डिपॉझिटरीकडून, म्हणजे तुमचे डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून, ईमेलवर येणारं एकत्रित विवरण काढा. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येतं, त्यामुळे त्यात ब्रोकरला हात घालता येत नाही.

मग दोन भागाकार करा. वर्षभरातल्या एकूण खरेदीला खात्यातल्या सरासरी रकमेने भागा, म्हणजे पैसा किती वेळा फिरला ते कळेल. आणि एकूण खर्चाला त्याच सरासरीने भागा, म्हणजे खर्चाचं शेकडा प्रमाण. वरच्या उदाहरणात पैसा बारा वेळा फिरला आणि खर्च पावणेसतरा टक्के झाला.

किती म्हणजे अति, याचा आकडा आपल्याकडच्या नियमांत नाही. अमेरिकेत चर्निंगचे खटले दशकानुदशकं चालत आलेत. तिथे वर्षाला सहाच्या वर फेरे किंवा वीस टक्क्यांच्या वर खर्च हे अति-उलाढालीचं लक्षण मानतात. शिवाय खात्यावर प्रत्यक्ष ताबा ब्रोकरचा होता का आणि त्याचा हेतू काय होता, हेही पाहतात. हे आकडे इथल्या लवादावर बंधनकारक नाहीत, पण तक्रारीत मोजपट्टी म्हणून मांडायला काहीच हरकत नाही. 'खूप व्यवहार केले' यापेक्षा 'पैसा बारा वेळा फिरवला' हे समोरच्याला लवकर कळतं.

आकड्यांपलीकडेही खुणा असतात. एकच शेअर विकून चार दिवसांत पुन्हा घेतलेला. किरकोळ नफ्यात विकलेले चांगले शेअर आणि तोट्यात पडून राहिलेली ऑप्शनं. डिलिव्हरी सोडून कधी काही न केलेल्या माणसाच्या नावावर एके दिवशी अचानक सुरू झालेलं एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे.

नुकसान झालं म्हणजे चर्निंग झालं, असं म्हणता येईल का?

नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. ते सगळे काही ब्रोकरने बुडवलेले नव्हते. उलट, नफ्यात असलेल्या खात्यातही घुसळण झालेली असू शकते.

ब्रोकरला स्वतःच्या मनाने माझ्या खात्यात व्यवहार करता येतात का?

येत नाहीत. ब्रोकरचं काम तुम्ही सांगितलेली ऑर्डर बाजारात टाकणं. तुमच्या वतीने स्वतः निर्णय घ्यायचे असतील तर पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून वेगळी नोंदणी लागते, वेगळा करार लागतो आणि २०२० च्या नियमावलीप्रमाणे ग्राहकाचे किमान पन्नास लाख लागतात. "काकू, तुम्ही फक्त पैसे ठेवा, बाकी आपण बघतो" असं म्हणणाऱ्या डीलरला ते 'बाकी' बघायचा परवाना नसतो.

पण "तुम्हीच बघा" असं मीच म्हटलं होतं. मग माझा हक्क गेला का?

पूर्ण गेला नाही, बाजू मात्र कमकुवत झाली. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यातलं एजंटबद्दलचं प्रकरण इथे फार उपयोगी पडतं. ब्रोकर हा तुमचा एजंट. कलम २११ म्हणतं, एजंटने मालकाच्या सूचनेप्रमाणे काम करावं. तसं न केल्याने तोटा झाला तर तो त्याने भरून द्यावा, नफा झाला तर त्याचा हिशेब द्यावा. कलम २१२ त्याच्याकडून वाजवी कौशल्य आणि तत्परता मागतं.

केलेल्या व्यवहारांना मागाहून संमती दिली असं ब्रोकर म्हणू लागला तर कलम १९८ आहे: वस्तुस्थितीची माहितीच मोठ्या प्रमाणात अपुरी असताना दिलेली संमती वैध नाही. 'रोज थोडंथोडं चाललंय' एवढंच सांगून नऊशे व्यवहारांना मान्यता मिळत नसते.

आता दुसरी बाजू. कलम १९९ प्रमाणे व्यवहाराचा एक भाग मान्य केला की अख्खा व्यवहार मान्य केल्यासारखा होतो. नफ्याचे सौदे माझे आणि तोट्याचे तुझे, अशी निवड चालत नाही. हे लोकांना आवडत नाही. पण तक्रारीत फक्त तोट्याच्या तारखा लिहून आणणाऱ्यांचे दावे त्यामुळेच गडगडतात. हिशेब नेहमी निव्वळ मांडा, नफा वजा करून.

मी ऑर्डर दिली नव्हती, हे सिद्ध कोणी करायचं?

तुम्ही ऑर्डर दिली होती, हे ब्रोकरने सिद्ध करायचं. २२ मार्च २०१८ चं सेबीचं परिपत्रक या बाबतीत गुंतवणूकदाराच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे. त्याप्रमाणे ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ठेवूनच ब्रोकरने व्यवहार करायचा: सही केलेला कागद, फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल, इंटरनेट व्यवहाराचा लॉग, मोबाइलवरचे संदेश किंवा कायद्याने पडताळता येईल अशी दुसरी नोंद. वाद झाला तर ती हजर करण्याची जबाबदारी ब्रोकरची. लवादाकडे जाण्याची मुदत असेपर्यंत या नोंदी जपायच्या, आणि वाद सुरू झाला असेल तर तो मिटेपर्यंत.

त्यामुळे पहिल्याच पत्रात तारीखवार मागणी करा: अमुक तारखेच्या अमुक व्यवहारांचं रेकॉर्डिंग द्या. 'सगळी रेकॉर्डिंग द्या' अशी मोघम मागणी केली की मोघम उत्तर येतं.

रेकॉर्डिंग आलं तर ते नीट ऐका. पुष्कळदा त्यात ऑर्डर नसतेच. संध्याकाळी चार वाजता डीलर घडाघडा यादी वाचतो आणि काका म्हणतात, "हो हो." वेळ बाजार बंद झाल्यानंतरची असेल तर ती ऑर्डर कशी होणार? मात्र त्याच परिपत्रकात एक फट आहे. तांत्रिक बिघाडासारख्या अपवादात्मक कारणाने पुरावा देता आला नाही, तर व्यवहारानंतर ग्राहकाने दिलेला दुजोरा किंवा त्या व्यवहारापोटी झालेली पैशांची देवघेव हेही विचारात घेता येतं. ते "हो हो" तिथे अंगाशी येतं.

कॉन्ट्रॅक्ट नोट (झालेल्या व्यवहारांची पावती) आणि एसएमएस रोज येत होते, मी उघडलेच नाहीत. आता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर सगळ्यात कडू आहे.

व्यवहार झाल्यापासून चोवीस तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवणं ब्रोकरला बंधनकारक आहे. शिवाय एक्स्चेंजकडून स्वतंत्रपणे एसएमएस आणि ईमेल येतात. लवादासमोर ब्रोकरचा वकील पहिल्यांदा याचीच चळत ठेवतो: इतक्या नोटा गेल्या, इतके संदेश गेले, चौदा महिने हरकत नाही, म्हणजे सगळं मान्य होतं. आणि हा युक्तिवाद चालतो. खात्यात काय चाललंय हे कळण्याचं साधन हातात असताना गप्प बसलेल्या माणसाबद्दल लवादाला फार सहानुभूती वाटत नाही.

पण गप्प बसणं आणि कळू न देणं यात फरक आहे. म्हणून आधी हे पाहा, की नोटा जात कुठे होत्या? खातं उघडतानाच्या फॉर्मची प्रत मागवा आणि त्यातला ईमेल व मोबाइल तपासा. आत्याच्या बाबतीत ईमेल डीलरनेच तिच्या नावाने उघडलेला निघाला. पासवर्ड त्याच्याकडे. तिला ईमेल काय असतो हेही धड माहीत नव्हतं. एसएमएस मात्र तिच्याच फोनवर येत होते. बँकेच्या जाहिराती समजून ती ते पुसून टाकायची. पहिली गोष्ट तिच्या बाजूने गेली, दुसरी विरुद्ध.

दुसरं, ब्रोकरने कधी काय सांगून तुम्हाला गप्प ठेवलं ते शोधा. "मार्केट पडलंय म्हणून दिसतंय तसं, होल्ड करा", "महिनाभरात लॉस कव्हर करून देतो" असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश सोन्याच्या मोलाचे असतात. फोन बदलण्याआधी ते जपून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ चॅट पुसू नका.

आणि आज ही ओळ वाचून खातं उघडलंत, तर आजच लिहा. मसुदा फार अलंकारिक नको: 'दि. अमुक ते अमुक या काळातल्या कॉन्ट्रॅक्ट नोटमधले व्यवहार मी सांगितलेले नाहीत. मला ते मान्य नाहीत. ऑर्डर दिल्याचा पुरावा द्यावा. माझ्या लेखी सूचनेशिवाय यापुढे कोणताही व्यवहार करू नये.' तोंडी भांडण कितीही जोरात झालं तरी कागदावर ते शून्य.

मीच डीलरला पासवर्ड आणि ओटीपी सांगत होतो.

मग कठीण आहे. लॉगमध्ये तुमचंच नाव दिसणार. तरी लॉगमधला आयपी पत्ता मागा. दिवसभर शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या खात्यात सकाळी अकराला ब्रोकरच्या ऑफिसातून लॉगिन झालेलं असेल तर ते बोलकं असतं. ज्या वेळी ऑर्डर पडली त्या वेळी तुम्ही विमानात, ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा वर्गात होतात, याचा पुरावाही जोडा.

पॉवर ऑफ अॅटर्नीवर (मुखत्यारपत्रावर) सही केली होती. त्यात व्यवहाराचाही अधिकार गेला का?

विकलेल्या शेअरची डिलिव्हरी देणं आणि मार्जिनसाठी (सौद्यापोटी ठेवायच्या अनामतीसाठी) तारण ठेवणं अशा मोजक्या कामांपुरतीच ती असते. काय विकायचं हे ठरवण्याचा अधिकार तिच्यातून जात नाही. सेबीने २०२२ मध्ये तिच्या जागी डीडीपीआय हे मर्यादित अधिकारपत्र आणलं आणि तेही ऐच्छिक आहे. ते न देताही खातं चालतं, विकताना दर वेळी स्वतः मंजुरी द्यावी लागते इतकंच. माझ्या मते ज्यांना महिन्यातून एखादाच व्यवहार करायचाय त्यांनी ते देऊच नये.

'महिना दोन टक्के नक्की' असं स्टँप पेपरवर लिहून दिलं होतं.

तो कागद तुम्हाला वाटतो तितका उपयोगी नाही, उलट आडवा येऊ शकतो. ब्रोकरला किंवा त्याच्या माणसाला खात्रीच्या परताव्याची हमी देताच येत नाही. एक्स्चेंज वेळोवेळी सूचना काढून बजावतात, की अशा बेकायदा योजनांमधल्या वादांना एक्स्चेंजची तक्रार निवारण व्यवस्था, लवाद आणि गुंतवणूकदार संरक्षण निधी यांचा आधार मिळणार नाही. म्हणजे ठरलेल्या दोन टक्क्यांसाठी लवादाकडे गेलात तर दार बंद. खात्यातल्या अनधिकृत व्यवहारांची तक्रार ही वेगळी गोष्ट, ती वेगळीच मांडा. आणि पैसे थेट त्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात दिले असतील तर रस्ता पोलिसांचा.

लक्षात आल्या आल्या आधी काय करू?

खातं गोठवा. १ जुलै २०२४ पासून ट्रेडिंग खात्याचा ऑनलाइन वापर ग्राहकाच्या विनंतीवरून थांबवण्याची सोय ब्रोकरना द्यावी लागते. गोठवण्याआधी उघड्या पोझिशन (अजून पुरे न झालेले सौदे) काय आहेत ते पाहा आणि त्या बंद करायच्या की कसं, ते लेखी कळवा. करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई ठरवताना, तोटा कमी करायचं साधन तुमच्या हातात असताना तुम्ही काय केलंत हेही पाहिलं जातं. कळल्यानंतर तीन एक्स्पायऱ्या (सौद्यांच्या अंतिम तारखा) तशाच जाऊ दिल्या तर तेवढा तोटा तुमच्या माथी.

मग पासवर्ड, ईमेल, मोबाइल बदला, शिल्लक पैसे बँकेत मागवून घ्या.

कशावरही सही करू नका. तक्रारीची कुणकुण लागली की शाखेतून कुणीतरी गोड बोलत घरी येतो, पंचवीस हजारांचा चेक आणि 'माझी काहीही तक्रार उरलेली नाही' असा छापील कागद घेऊन. वर्षअखेरीची 'शिल्लक मान्य' म्हणून आलेली पत्रंही त्याच जातीची.

तक्रार कुठे आणि कोणत्या क्रमाने करायची?

आधी ब्रोकरच्या तक्रार निवारण कक्षाकडे, ईमेलने. शाखा व्यवस्थापकाशी झालेलं बोलणं यात मोजू नका.

तिथे समाधान झालं नाही तर सेबीचं स्कोर्स हे ऑनलाइन तक्रार पोर्टल. एप्रिल २०२४ पासून त्याची नवी आवृत्ती चालू आहे. ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांच्या आत फेरविचार मागा, तो एक्स्चेंजकडे जातो. तरी पटलं नाही तर पुन्हा १५ दिवसांत दुसरा फेरविचार, तो सेबीकडे. हे १५ दिवस पाळा, नाहीतर तक्रार बंद होते आणि लोकांना ते महिन्याने कळतं. घटनेपासून वर्षभराच्या आतच स्कोर्सवर जाता येतं, हेही ध्यानात ठेवा.

खरी पैशांची लढाई स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वाद निवारणाच्या मंचावर होते. जुलै २०२३ च्या परिपत्रकाने तो आला. ब्रोकरकडे तक्रार करून झाली असेल तर स्कोर्सचे सगळे टप्पे न करताही इथे येता येतं. आधी समेटाचा प्रयत्न, त्याला २१ दिवस. जमलं नाही तर ऑनलाइन लवाद. तीस लाखांपर्यंत एक लवाद, त्यावर तिघे. तक्रार नोंदवायला शुल्क नाही, लवादाचं शुल्क मागणीच्या रकमेप्रमाणे. मिरजेहून मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, ही या व्यवस्थेची खरी कमाई.

नुसती माहिती हवी असेल तर सेबीची विनाशुल्क हेल्पलाइन आहे, १८०० २६६ ७५७५.

सेबी माझे पैसे परत मिळवून देईल ना?

सेबी दंड करते. फसवणुकीच्या कलमाखाली तो २५ कोटी किंवा कमावलेल्या नफ्याच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. पण सेबी कायद्याच्या कलम १५जेए प्रमाणे दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, तुमच्या खात्यात नव्हे. 'सेबीला कळवलंय' म्हणून निर्धास्त बसलेले लोक मी पाहिलेत. आपली भरपाई आपणच मागायची असते.

लवादाकडे नेमकं काय मागायचं?

एक आकडा आणि तो कसा आला याचा तक्ता. त्यात अनधिकृत व्यवहारांवरचं ब्रोकरेज आणि कर, त्या व्यवहारांतला निव्वळ तोटा, न विचारता विकलेल्या शेअरच्या बदल्यात शेअर किंवा त्यांची किंमत, आणि व्याज. ब्रोकरेजची मागणी नेहमी वेगळ्या ओळीत दाखवा. लवाद तोट्याबाबत साशंक असला तरी ब्रोकरेजवर नरम पडतो, असा माझा अनुभव. मानसिक त्रासापोटी दहा लाख वगैरे लिहू नका, बाकीच्या आकड्यांचंही वजन त्याने कमी होतं.

निवाडा माझ्या बाजूने लागला आणि ब्रोकर कोर्टात गेला तर?

लवाद कायदा १९९६ च्या कलम ३४ खाली तीन महिन्यांत आव्हान देता येतं, सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस. हे अपील नसतं. पुरावा नव्याने तोलायला कोर्ट बसत नाही. ओडीआरच्या नियमाप्रमाणे आव्हान देण्याआधी ब्रोकरला निवाड्यातल्या रकमेच्या ७५ टक्के एक्स्चेंजकडे भरावे लागतात, त्यामुळे नुसता वेळ काढायला कोर्टात जाणं त्याला परवडत नाही. तुमच्याविरुद्ध निकाल लागला तर तीच मुदत तुम्हालाही.

ग्राहक आयोगात किंवा पोलिसात जाऊ का?

ग्राहक आयोगात शेअरची खरेदी-विक्री 'व्यापारी हेतू' ठरवून तक्रार बाहेर काढली जाण्याचा धोका मोठा. त्यात दोन वर्षं घालवू नका.

पोलिसांचं वेगळं. बनावट सही, परस्पर वळवलेले शेअर, खोटं विवरण दाखवणं असं काही असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, म्हणजे विश्वासघात, आणि कलम ३१८, म्हणजे फसवणूक, ही कलमं लागू शकतात आणि आर्थिक गुन्हे शाखेकडे जावं. लॉगिन परक्याने पळवलं असेल तर आधी १९३० ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन. नुसत्या जास्त उलाढालीवर पोलीस बहुधा 'हा दिवाणी वाद' म्हणून परत पाठवतात.

किती वर्षांपर्यंत दाद मागता येते?

लवादासाठी साधारण तीन वर्षं. मोजणी व्यवहारापासून होते, तुम्हाला राग आला त्या दिवसापासून नाही.

कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही, फ्रँचायजी आहे.

सब-ब्रोकर हा प्रकार २०१९ मध्ये बंद झाला. आता असतो तो ऑथराइज्ड पर्सन, आणि त्याच्या कृत्यांची जबाबदारी ब्रोकरवरच. तो नोंदलेला आहे का हे एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर पाहा आणि त्या पानाची प्रत काढून ठेवा. वाद सुरू झाला की नोंदणी रद्द व्हायला वेळ लागत नाही.

बायकोच्या नावावर खातं आहे, व्यवहार मी सांगतो. काही अडचण?

आहे. डीलरने मनाने केलेल्या व्यवहारांबद्दल तिने तक्रार केली, तर तो म्हणणार, साहेबांनी सांगितलं होतं. शिवाय १० फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एका मुंबईच्या ब्रोकर पेढीच्या प्रकरणात, पत्नीच्या खात्यात ब्रोकरला येणं असलेल्या रकमेबद्दल पतीही तोंडी कराराने जबाबदार ठरतो, हा लवादाचा निवाडा कायम केला. कोण ऑर्डर देणार, हे ब्रोकरला लेखी देऊन टाका.

मुलगा न्यू जर्सीत आहे, त्याच्या इथल्या खात्यातही असंच दिसतंय.

त्याला तिथूनच स्मार्ट ओडीआरवर तक्रार करता येईल. आधी एक बघा: अनिवासी भारतीयांना शेअरमध्ये इंट्राडे करता येत नाही, डिलिव्हरीच घ्यावी लागते. त्याच्या खात्यात त्याच दिवशी घेऊन विकलेले शेअर दिसत असतील तर ते मुळातच नियमाबाहेर आहेत, आणि चर्निंग सिद्ध करण्याआधीच हातात एक मुद्दा येतो.

म्युच्युअल फंडातही हे होतं का?

व्हायचं, खूप. १ ऑगस्ट २००९ ला सेबीने एंट्री लोड, म्हणजे फंडात पैसे घालतानाच कापलं जाणारं शुल्क, बंद केलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आगाऊ कमिशनही, तेव्हापासून फिरवाफिरवीतली मलई आटली. तरी 'दहा रुपयांत नवा फंड आलाय' म्हणून जुना चांगला फंड विकायला लावणारे भेटतातच.

तुमच्या आत्याचं पुढे काय झालं?

समेटात मिटलं. मागितले होते दोन लाख चौदा हजार, मिळाले एक लाख सव्वीस हजार. ईमेलचा मुद्दा निघाला तेव्हा पेढीचा माणूस एकदम वाटाघाटीला आला. एसएमएसचा मुद्दा निघाला तेव्हा मी गप्प बसलो. लवादाकडे गेलो असतो तर जास्त मिळाले असते की काहीच नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. आत्याने खातं दुसरीकडे हलवलं. तो डीलर आता तिसऱ्याच एका पेढीत आहे. गेल्या पाडव्याला तिथून त्याचा तिला फोन आला होता, "काकू, नवीन वर्षात काहीतरी सुरू करूया का?"